पन्हाळ्यावरचं लीडरशिप वर्कशॉप : पैसे वसूल, पण ते सुभेदारांमुळं

आधीच सांगतो, मी असल्या वर्कशॉपबिर्कशॉपला जाणारा माणूस नाही. शिरोली एमआयडीसीत बारकी फाउंड्री आहे, बावीस माणसं आहेत, आणि लीडरशिप म्हणजे आमच्यात सकाळी साडेसातला गेटवर उभं राहून कोण उशिरा आलं ते बघणं. पण आमच्या एका मोठ्या कस्टमरनं सगळ्या व्हेंडरना गळ घातली की सुपरवायझर लोकांना घेऊन या, एक दिवसाचा प्रोग्रॅम आहे, पन्हाळ्यावर, विषय काय तर सेनापतीचं शहाणपण. माणशी १८०० रुपये. मी, मिस्त्री आणि दोन शिफ्टची पोरं, म्हणजे ७२०० गेले आणि वर एक शिफ्ट बोंबलली ते वेगळंच. जिवावर आलं होतं पैसे देताना, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल. आयोजकांचं नाव टाकत नाही, पुढं वाईट पण लिहिणार आहे आणि कस्टमर जपायचा आहे.

बस कावळा नाक्यावर सातला येणार होती, आली पावणेआठला. ठीक आहे, पाऊस होता. वाघबीळच्या वर गेलो तसं धुकं असलं की ड्रायव्हर खिडकीतनं मान बाहेर काढून चालवत होता. वर एका हॉटेलच्या हॉलमध्ये नाश्ता, आणि तिथं पहिला घोळ. मिसळ थंड. कोल्हापूरच्या चाळीस माणसांना पावसात थंड मिसळ खायला घालायला पण डेरिंग लागतं, कट वर तरंगून साय धरल्यासारखा झालेला. मग दोन तास स्लाइड. टाय घातलेला एक पोरगा, बाहेरनं बोलावलेला, सिंहाचं चित्र, लांडग्याचं चित्र, परदेशी जनरलांचे फोटो आणि खाली एकेक वाक्य, आणि मधे मधे आम्हाला उठवून टाळ्या वाजवायला लावायचा. फुगे फुगवायचा पण एक खेळ झाला. आमचा मिस्त्री एकोणीस वर्षं फर्नेसवर आहे, तो फुगा हातात धरून माझ्याकडं बघत होता, मी दुसरीकडं बघितलं.

अकराला त्यांनी आम्हाला सुभेदारांच्या ताब्यात दिलं आणि तिथनं खरा दिवस सुरू झाला.

सुभेदार म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, आपल्याच जिल्ह्यातले, बारीक अंगकाठी, हातात काळी छत्री. आवाज चढवून बोलायची सवय असेल असं वाटलं होतं, पण एकदम हळू बोलतात, सगळ्यांना जवळ यायला लागतं. कुणीतरी सुरुवातीलाच विचारलं, साहेब तुम्ही किती जण टिपले. ते म्हणाले, "ते नका इचारू, किती पोरांची रजा वेळेत पास केली ते इचारा. बहिणीचं लगीन आन् रजा न्हाई, असल्या पोराला घेऊन तुम्ही पुढं कुठं जाणार?" आणि चालायला लागले.

तीन दरवाजा, अंधारबाव वगैरे पटापट झालं, ते सगळ्यांनी शाळेच्या सहलीला बघितलेलंच असतं. अंबरखान्यात मात्र चांगला अर्धा तास थांबवलं. एवढी मोठी धान्याची कोठारं बघून माणूस वर छताकडं बघतो, हे म्हणाले खाली बघा, उंदीर कुठनं येत असतील ते सांगा. आणि मग महाराजांचं ते पत्र सांगितलं, चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळलात तर ऐन पावसात घोडी मरतील, मग तुम्ही रयतेकडं भाजी, लाकूड, गवत ओरबाडायला जाल, आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. पाहिजे ते बाजारातनं विकत आणा. आणि रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताची गंज पेटेल. स्वतःला राजा म्हणवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतोय! सुभेदार म्हणाले, लढाई काय चार तासाची, बाकीचं वर्ष हेच असतंय. आमच्या शिफ्टच्या पोरानं हळूच मला कोपरानं ढोसलं, आमच्या शेडमध्ये डिझेलच्या बॅरलशेजारी बिडी कोण ओढतं ते दोघांनाही माहीत आहे. (मीच.)

मग राजदिंडीच्या चोरवाटेकडं. इथं त्यांनी गोष्ट सांगितली नाही, आम्हाला कोड्यात टाकलं. साल १६६०. अफझलखानाला मारल्यावर अठरा दिवसांत पन्हाळा घेतलेला, आणि आता मार्चपासनं आदिलशहाचा सरदार सिद्दी जौहरचा वेढा. तुम्ही आत. पाऊस लागला की वेढा उठेल असा तुमचा हिशेब होता, पण जौहर काय कच्चा गडी नाही, तो भर पावसात बसून राहिलाय, राजापूरच्या इंग्रजांच्या तोफा पण आणल्यात. नेताजी पालकरांनी बाहेरनं वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. तिकडं पुण्यात मोगलांचा शाइस्तेखान येऊन बसलाय. काय करणार, सांगा.

चाळीसातले तीस जण म्हणाले लढू, बाहेर पडून तुटून पडू, मरू पण गड देणार नाही. सुभेदार हसले. "झकास. तुमचं नाव हुईल, राज्य जाईल."

महाराजांनी काय केलं ते आपल्याला पाठ आहे, शरण येतो म्हणून निरोप धाडला, पहारा सैल पडला, १२ जुलैच्या रात्री सहाशे माणसं घेऊन पावसात बाहेर, दुसऱ्या पालखीत नेबापूरचे शिवा काशीद, आणि पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू. पण खरी कळ त्यांनी पुढं काढली. म्हणाले, विशाळगडावर पोचल्यावर महाराजांनी पन्हाळ्याचं काय केलं?

कुणालाच येईना. मला पण नाही, खोटं कशाला बोलू, अख्खं आयुष्य कोल्हापुरात गेलं.

आदिलशहाला देऊन टाकला. सप्टेंबर १६६० मध्ये, म्हणजे बाजीप्रभू पडले त्याला अडीच महिने पण झाले नव्हते. एक जण चांगलाच तापला, म्हणाला मग शिवा काशीद, बाजीप्रभू कशासाठी गेले हो? सुभेदार त्याच्यावर रागावले नाहीत, म्हणाले हा प्रश्न त्या टायमाला पण लोकांनी केला असेल, आणि ज्याला द्यायला लागला त्याला रात्री झोप आली असेल का ते बघा. बाजीप्रभू गडासाठी नाही गेले, राजा वाचावा म्हणून गेले, आणि वाचलेल्या राजानं पुढं काय करायचं ते ठरवायला डोकं थंड ठेवलं. ऑगस्टमध्ये चाकणचा किल्ला मोगलांनी घेतलेला. दोन्हीकडं दोन बादशाही फौजा, आणि जीव तेवढाच. एकाला गड देऊन गप बसवला आणि दुसऱ्याकडं वळले. शाइस्तेखानाची बोटं तुटली १६६३ ला. पन्हाळा घ्यायला १६६६ ला परत आले, तेव्हा जमलं नाही, माणसं गेली. आणि शेवटी १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन रात्री चढले आणि गड परत आला. तेरा वर्षं! आमच्यात एक ऑर्डर हातातनं गेली तर मी तेरा दिवस जेवत नाही आणि घरच्यांना पण धड जेवू देत नाही.

वर एक टाचणी लावली त्यांनी. ह्याच वाटेनं, विशाळगड ते पन्हाळा, १७०२ च्या पावसाळ्यात औरंगजेबाची फौज परत फिरली. विशाळगड त्यानं शेवटी पैसे मोजून ताब्यात घेतला होता. साठेक किलोमीटरची वाट, महाराजांनी एक रात्र आणि एक दिवसात काढलेली, बादशहाला महिन्याहून जास्त लागला. हत्ती, उंट, तंबू सगळं ओढ्यात आणि चिखलात. पैसा त्याच्याकडं काय कमी होता? पण वीसेक वर्षं दख्खनेत काढून पण आमचा पाऊस त्याला कळला नाही असं सुभेदार म्हणाले, आणि छत्री मिटून तशीच भिजत उभी राहिली मूर्ती.

जेवण झुणका-भाकरी, खर्डा, दही. हे गरम होतं आणि जगात भारी होतं, सकाळचं सगळं माफ. हे हॉटेलवाल्यांचं नव्हे, तटाजवळच्या मावशींचं होतं, आयोजकांनी एवढं तरी डोकं लावलं. जेवताना जनरल थोरातांचा विषय निघाला. एस. पी. पी. थोरात आपल्या कोल्हापूर भागातले, तरण्या पोरांना नाव पण माहीत नाही. ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत १९४५ ला डीएसओ हे शौर्यपदक मिळवलेला माणूस, म्हणजे मारामारीला भिणारा नव्हे. पण सुभेदारांनी सांगितलं ते कोरियाचं, १९५३ चं, युद्ध थांबल्यावर तिथले कैदी सांभाळायला आपली फौज गेली होती तेव्हाचं. युद्धकैद्यांनी आपल्या एका मेजरला आत कोंडून घातलं, बाहेर आपले जवान बंदुका घेऊन तयार, आणि थोरात स्वतः त्या कैद्यांच्यात गेले, बोलत बसले, आणि मेजरला सोडवून आणलं. गोळी न झाडता. दुसरी गोष्ट कडू आहे. ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना १९५९ मध्ये त्यांनी लिहून दिलं होतं की चीन असा असा येईल, सीमेवर पार पुढं तुकड्या विखरून ठेवू नका, रस्ता आणि रसद जिथं पोचते तिथं मागं भक्कम उभे राहा. १९६० ला लखनौला त्याचा सराव पण करून दाखवला. दिल्लीत कुणी मनावर घेतलं नाही. १९६२ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि थोरात तोवर रिटायर झाले होते. माझ्या मते दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट ही होती आणि तिला भाकरी खाता खाता दहा मिनिटं मिळाली, आणि फुग्यांना अर्धा तास. आयोजकांनी हे बघायला पाहिजे.

शेवटचा भाग तटावर, धुक्यात, काही दिसत नव्हतं. विषय नेसरी. गडहिंग्लज तालुका, म्हणजे परत आपलाच जिल्हा. उमराणीला १६७३ ला महाराजांचे सरनौबत, म्हणजे सरसेनापती, प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचं पाणी तोडून त्याला जेरीस आणला आणि तो गयावया करायला लागला तसं सोडून दिला. खान परत आला, महाराज संतापले, कडक शब्दांत लिहिलं की त्याला संपवल्याशिवाय तोंड दाखवू नका. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरीला प्रतापराव सहा स्वार घेऊन अख्ख्या फौजेवर गेले. सातही पडले.

आम्ही सगळे छाती फुगवून ऐकत होतो. सुभेदारांनी विचारलं, सरनौबताची फौज कुठं होती तेव्हा? मागं होती. मग का नाही थांबले? कुणीतरी म्हणालं, शब्द लागला. "व्हय," म्हणाले, "शब्द लागला. आता दोन्हीकडनं बघा. सरनौबतानं असं जाऊ नये हे खरं, फौज पोरकी झाली, ती त्यांच्या हाताखालच्या आनंदरावांनी सावरली म्हणून निभावलं. पण इमानी माणसाला तोंड दाखवू नको म्हटलं, की तो ते खरं मानतोय. कामचुकार मानत न्हाई." एक जण कुरकुरला, तुम्ही महाराजांची चूक काढताय काय. ते म्हणाले मी कोण काढणार, महाराजांनाच त्याचं दुःख झालं, प्रतापरावांची लेक सून करून घेतली राजारामांना.

इथं मला पुढचं काही ऐकू आलं नाही खरं सांगायचं तर. गेल्या दिवाळीआधी आमचा एक लॉट रिजेक्ट होऊन परत आला, ब्लोहोल, म्हणजे ओतीव मालात हवेची भोकं, निघाले होते. मी रागात व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळ्यांच्या समोर, मिस्त्रीला लिहिलं की जमत नसेल तर घरी बसा. तो माणूस त्या रात्री घरी गेलाच नाही. लॉट भरून द्यायचा म्हणून साचे पुरते वाळायच्या आत ओतायला घेतलं, एकोणीस वर्षांत त्यानं असं कधी केलेलं नाही, ओल्या साच्यात धातू उसळला आणि पायावर आला. तीन आठवडे घरी होता. तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो की घाई केली त्यानं, काय म्हणणार. दवाखान्याचं बिल मी भरलं, त्याचं पण कौतुक सांगितलं चार ठिकाणी. तटावर मिस्त्री माझ्यापासनं दोन हातांवर उभा होता, त्याच पायात गमबूट. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बसमध्ये मात्र शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मालक, सुभेदार बोलायला लई साधे हायत न्हाई?" मी व्हय म्हणालो. वाघबीळ उतरेपर्यंत मला त्याला एक वाक्य बोलायचं होतं, ते शेवटी रविवारी त्याच्या घरी जाऊन बोललो. चहा झाला. ते इथं लिहीत नाही.

तर स्टार. सकाळच्या भागाला एक, तो पण हॉल कोरडा होता म्हणून. सुभेदारांना पाच. सरासरी काढू नका, जाणार असाल तर आयोजकांना फोन करून स्पष्ट विचारा की सुभेदार आहेत काय त्या दिवशी, नसतील तर रंकाळ्यावर भेळ खा, १८०० वाचतील. मी पुढच्या बॅचला अजून चौघांना पाठवतोय, त्यांना सांगितलंय घरनं नाश्ता करून परस्पर आपापल्या गाडीनं अकराला गडावर पोचा. शूज ग्रिपचे घाला, राजदिंडीकडची पायवाट शेवाळलेली आहे, आमचं शिफ्टचं पोरगं दोनदा आपटलं आणि दुसऱ्यांदा मला घेऊन आपटलं.