हातातली चरबीची गाठ: राहू द्यायची की काढायची?

आत्याच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यात दोन वर्षं मऊ गाठ होती, दुखत नव्हती म्हणून आम्ही सगळेच राहू दे म्हणत बसलो आणि मग पोळ्या लाटताना तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. पाठीवरची चरबीची गाठ वर्षानुवर्षं राहिली तरी सहसा काही बिघडत नाही, पण तळहातात जागाच कमी आणि तेवढ्यात नसा (म्हणजे मज्जातंतू), कंडरा, रक्तवाहिन्या सगळं दाटीने बसलेलं.

आधी तपासणी. अंधारात टॉर्च लावला तर पाण्याची गाठ म्हणजे गँगलियॉन बहुतेक वेळा उजळते, चरबीची सहसा नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. सोनोग्राफी स्वस्त आहे, वरवरच्या छोट्या गाठीला बऱ्याचदा पुरते. गाठ खोल असेल, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, भराभर वाढत असेल किंवा बोटं बधिर होत असतील तर एमआरआय कराच, पैसे जातात पण इथे वाचवू नका.

कारण खरा फरक एमआरआयमध्ये नीट कळतो. साधा लायपोमा, म्हणजे नेहमीची चरबीची गाठ, नसेच्या शेजारी असतो, नसेला दाबतो. लायपोफायब्रोमॅटस हमार्टोमा हा दुर्मिळ प्रकार मात्र नसेच्या आतच वाढतो, बहुतेक मीडियन नर्व्हमध्ये (मनगटातून तळहातात येणारी मुख्य नस) आणि जास्त करून लहान मुलांत नाहीतर तरुणांत, कधी त्या बाजूचं बोटही जाड झालेलं असतं. (आपण शीर आणि मज्जातंतू दोन्हीला नस म्हणतो ना, म्हणून डॉक्टरांना नीट विचारा कुठली.) लायपोमा सोडवून पूर्ण काढता येतो, परत होण्याची शक्यता कमी. हमार्टोमा काढायला गेलं तर नसच जाऊ शकते, बोटांची संवेदना आणि अंगठ्याची ताकद कमी होते, म्हणून त्यात साधारणपणे मनगटातला कार्पल टनेल (ही नस जिथून जाते तो अरुंद बोगदा) मोकळा करून दाब कमी करतात, गाठ तशीच ठेवतात. हमार्टोमाला लायपोमाचा इलाज लावला तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

छोटी, न वाढणारी, त्रास न देणारी आणि चरबीचीच आहे हे नक्की झालेलं असेल तर थांबा, अधूनमधून दाखवत रहा. मुंग्या, पकड सैल, वाढ यातलं काहीही असेल तर माझ्या मते थांबू नये, आणि ऑपरेशन हँड सर्जनकडेच करा. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायलाच सांगा, कारण क्वचित लायपोमासारखी दिसणारी गाठ वेगळीच निघते. आत्याचा रिपोर्ट साधा लायपोमा आला तेव्हा कुठे आम्ही घरात नीट जेवलो.