रेगमॅप आठ महिने वापरल्यावर: दरवान चांगलाय, पण यादी आपणच द्यायची

आमच्या बोर्डावरच्या पॉवर मॅनेजमेंट चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या रेगमॅपवर (चिपची रजिस्टरं, म्हणजे तिच्यातले पत्ता असलेले छोटे कप्पे, वाचायची-लिहायची कर्नलमधली तयार सोय) हलवून आठ महिने झाले. आधी आयटूसीवर (चिपशी बोलायची दोन वायरींची बस) थेट रीड-राइट करायचो, आणि कुठल्या रजिस्टरला हात लावायचा नाही हे फक्त डेटाशीटमधे आणि एका सिनियरच्या डोक्यात. रेगमॅप तसा २०११ पासून, म्हणजे ३.१ कर्नलपासून आहे, आम्हीच उशिरा जागे झालो.

काम सोपंय. कुठली रजिस्टरं वाचायची, कुठली लिहायची याची टेबलं द्यायची, बाकीच्यांना तो दारातच अडवतो. पण टेबल, कॉलबॅक (पत्ता चालेल का ते सांगणारं आपलं फंक्शन), मॅक्स रजिस्टर (सगळ्यात मोठा पत्ता) यातलं काहीच दिलं नाही तर सगळ्यांना आत सोडतो, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं!

आणि अडवताना एरर देतो ईआयओ, म्हणजे इनपुट-आउटपुट एरर, वाटतं हार्डवेअरच बिघडलंय. झालं, मी दोन दिवस वायरी हलवत, पुलअप रेझिस्टर बदलत बसलो, चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी वायरींवरचे सिग्नल दाखवणारा लॉजिक अ‍ॅनालायझर लावला तर बसवर काहीच नाही, क्लॉकसुद्धा हलत नाही, म्हणजे राइट कर्नलमधून बाहेरच पडत नव्हता. टेबलची रेंज हेक्स ३० ला संपवलेली आणि मला लिहायचं होतं ३१ ला. चूक माझीच, पण लॉगमधे एक ओळ आली असती तर दोन दिवस वाचले असते ना.

दुसरा फटका कॅशचा, म्हणजे रेगमॅप आधीच्या व्हॅल्यू जपून ठेवतो त्याचा. स्टेटस रजिस्टर व्होलाटाइल (स्वतःहून बदलणारं, दर वेळी चिपमधूनच वाचायचं) म्हणून टाकायचं राहिलं, मग पहिल्यांदा चिपमधून वाचलं आणि पुढे प्रत्येक वेळी कॅशमधली तीच शिळी व्हॅल्यू, लूप आपला टाइमआउट होईपर्यंत वाट बघतोय. वाचलं की क्लिअर होणारं इंटरप्ट रजिस्टर (चिपनं मारलेल्या हाकेची नोंद) मात्र प्रेशसमधे, म्हणजे उगाच वाचायची नाहीत त्यांच्या यादीत टाकलेलं, त्यामुळे डीबगएफएसमधून (डीबगिंगसाठीची कर्नलची फाइलसिस्टम) कितीही डंप घेतले तरी इंटरप्ट गिळला गेला नाही.

एक लक्षात ठेवा, तो पत्ता तपासतो, व्हॅल्यू नाही. परवानगी असलेल्या रजिस्टरमधे चुकीचं व्होल्टेज लिहिलंत तर गपचूप लिहून मोकळा होतो.

डीबगएफएसमधून रजिस्टर लिहायचं तर कॉन्फिगमधे ऑप्शनच नाही, सोर्समधली ओळ बदलून कर्नल परत बिल्ड करावा लागतो. पीएमआयसीसारख्या (पॉवर मॅनेजमेंटच्या) चिपसाठी धोक्याचं आहे म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय, तिथल्या कॉमेंटमधेच लिहिलंय. सुरुवातीला शिव्या घातल्या. आता तसा बिल्ड केलेला कर्नल फक्त माझ्या टेबलावरच्या एका बोर्डावर आहे, आणि त्या बोर्डाला लाल टेप लावलीय.