ऑस्टिऑइड ऑस्टिओमासाठी सीटीखालची आरएफए: आठ महिने वापरल्यावर

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणजे हाडातली छोटी, कर्करोग नसलेली गाठ. आरएफए म्हणजे सीटीत पाहत तिच्यात सुई घालून रेडिओफ्रीक्वेन्सी करंटने ती भाजणं. मशीनबद्दल तक्रार नाही. सुईचं ५ मिमी उघडं (इन्सुलेशन नसलेलं) टोक, ९० अंश सेल्सिअस, ६ मिनिटं. एवढ्यात साधारण १ सेंटिमीटरचा गोळा भाजून निघतो आणि नायडस (गाठीचा गाभा) बहुतेकदा त्यात मावतो. त्याहून लांब असेल तर सुई दोन जागी बसवावी लागते. या ६ मिनिटांत बिघडण्यासारखं फारसं नसतं. जे बिघडतं ते आधीच बिघडलेलं असतं.

'रातले पाय दुखस' म्हणत येणाऱ्या पोराच्या पायाला महिनोन्‌महिने वात म्हणून नाहीतर वाढीची कळ म्हणून तेल चोळलेलं असतं. एकाच जागी, रात्री वाढणारी आणि आयबुप्रोफेनने विरणारी कळ असेल तर १ मिमी स्लाइसचा सीटी काढा. साध्या एक्स-रेत जाड झालेलं हाड दिसतं, नायडस त्यातच लपतो. तेलाचा मुद्दा गमतीचा नाही. ग्राउंडिंग पॅड (करंट शरीरातून परत मशीनकडे नेणारा) मांडीला चिकटवायचा असतो. मुरलेल्या तेलावर आणि जळगावच्या मे महिन्यातल्या घामावर तो एका कडेने सुटतो, करंट उरलेल्या भागातून जातो आणि तिथली कातडी भाजते. साबण, स्पिरिट, केस काढणं, पूर्ण कोरडं करणं, मगच पॅड. लांब कड सुईच्या बाजूला ठेवायची.

भूल पूर्ण किंवा कमरेतली. नुसती जागा बधिर करून भागत नाही, नायडसला सुई टोचली की कळ भयंकर असते. पूर्ण भूल असतानाही त्या क्षणी नाडी उडी मारते. सुई बरोबर जागी पोचल्याची ती एक चांगली खूण.

खरा वेळ खातं ते जाड कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कडक कवच). मांडीच्या गोल हाडावर तिरकी सुई घसरते. काटकोनात धरायची, आधी के-वायरने (टोकदार बारीक तारेने) खाच पाडायची, मग ड्रिल. बायोप्सीचा तुकडा तापवण्याआधीच घ्यायचा. त्यानंतरची पायरी सर्वांत जास्त चुकते: इलेक्ट्रोड (तापवणारी सुई) आत गेला की बाहेरची धातूची नळी किमान १ सेंटिमीटर मागे ओढायची. उघडं टोक नळीला टेकलं तर उष्णता नळीवाटे कातडीपर्यंत येते, शिवाय टोकाचं तापमान हवं तसं चढत नाही. नडगीवर मांस नसल्यामुळे हा धोका दुप्पट समजा.

मज्जातंतू (नर्व्ह) जवळ असेल तर मध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज भरून अंतर करायचं. सलाइन नाही, त्यातून करंट वाहतो. गाठ मणक्यात मज्जारज्जूपासून १ सेंटिमीटरच्या आत असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: केस मोठ्या केंद्राकडे पाठवा.

सुईची दुखापत एक-दोन दिवस राहते, रात्रीची कळ मात्र बहुधा त्याच आठवड्यात जाते. आणि इथेच घोटाळा होतो. दुखत नाही म्हटल्यावर पोरगं कबड्डीला, नाहीतर केळीचे घड वाहायला. चालायला दुसऱ्या दिवसापासून हरकत नाही. धावणं, उड्या, ओझं मात्र ३ महिने बंद, कारण भोक पाडलेलं हाड तिथेच मोडू शकतं. हे आईवडिलांना कागदावर लिहून द्या. सीटीत पोकळी बरेच महिने दिसत राहते, तेवढ्यावरून पुन्हा सुई घालू नये. कळ परत आली, तीही रात्रीच, तरच पुन्हा तपासा; बहुतेक वेळा कडेचा तुकडा भाजायचा राहिलेला असतो आणि दुसऱ्यांदा तापवता येतो.

तक्रार एकच: इलेक्ट्रोड महाग. म्हणून तोच निर्जंतुक करून पुन्हा वापरायचा मोह होतो. इन्सुलेशनला केसाएवढी चीर गेली तरी डोळ्याला दिसत नाही, आणि करंट बाहेर पडायला तेवढी पुरते.