‘ट्रायलमध्ये जागा मिळवून देतो’ असे सांगणाऱ्यांविषयी

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सर्व जण अण्णा म्हणतो, यांना गेल्या वर्षी अन्ननलिकेच्या मधल्या भागाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आधी भाकरीचा घास अडकू लागला, नंतर भातही पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागे. तालुक्याच्या दवाखान्यात काही काळ आम्लपित्ताच्या गोळ्यांवर गेल्यानंतर शहरातील डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी करून तुकडा काढला आणि बायोप्सीचा अहवाल ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे अस्तरातील चपट्या पेशींचा कर्करोग, असा आला. आपल्या देशात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा हाच प्रकार अधिक आढळतो आणि तंबाखू हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. अण्णांची तंबाखू-चुन्याची सवय जुनी होती. येथपर्यंत कोणी कोणाला फसवले नव्हते. पुढे ‘ट्रायल’च्या, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवर घेतल्या जाणाऱ्या चाचणीच्या, नावाखाली जे घडले ते, अशाच आजारासाठी मोठ्या शहरात येऊन राहणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून, सविस्तर लिहीत आहे.

मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी पेट स्कॅन (रोग शरीरात कोठवर पसरला आहे हे दाखवणारी तपासणी) पाहून आधी किमो आणि रेडिएशन एकत्र, त्यानंतर शस्त्रक्रिया असा क्रम ठरवला होता. हा क्रम नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॉस’ या अभ्यासावर आधारलेला आहे. त्यात रुग्णांना पाच आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही औषधे आणि रेडिएशनचे 23 शेक देऊन मग शस्त्रक्रिया करण्यात आली होती. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 24 महिने होते, तर या रुग्णांचे 49.4 महिने. अण्णांच्या प्रकारच्या गाठीला या उपचाराचा विशेष चांगला प्रतिसाद मिळतो. म्हणजे योग्य उपचार ठरलेला होता, आरोग्य योजनेच्या खर्चात बसत होता आणि फक्त रेडिएशनच्या यंत्राची तारीख यायची होती. मधल्या त्या प्रतीक्षेच्या काळातच तो गृहस्थ आम्हाला भेटला.

रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत तो येत-जात असे. गळ्यात ओळखपत्र, हातात फायली, बोलणे अतिशय नम्र. तो स्वतःला ‘संशोधन समन्वयक’ म्हणवून घेई. असे पद खरोखरच असते आणि त्या पदावरची माणसे रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलतही असतात, त्यामुळे कोणाला वावगे वाटले नाही. त्याने आमच्यापुढे एका शोधनिबंधाची छापील प्रत ठेवली. तो निबंध बनावट नव्हता. ‘चेकमेट 577’ या नावाचा, 2021 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला तो अभ्यास आहे आणि निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध वापरणाऱ्या उपचाराच्या) औषधाने रोग परत न येण्याचा काळ सुमारे 11 महिन्यांवरून 22.4 महिन्यांवर गेला, हे त्यातील आकडे खरेच आहेत. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र असा होता की आता शेक नकोत, छाती उघडायलाही नको. हे इंजेक्शन पुरेसे आहे आणि त्याची ट्रायल शहरात चालू आहे.

या अभ्यासातील सर्व 794 रुग्णांचे किमो-रेडिएशन आणि शस्त्रक्रिया दोन्ही आधीच झालेले होते, ही गोष्ट त्याने सांगितली नाही. काढलेल्या भागात रोगाचे अवशेष सापडले अशा रुग्णांनाच ते औषध त्यानंतर देण्यात आले होते. काही निवडक रुग्णांची शस्त्रक्रिया टाळता येते का, यावरही नेदरलँड्समध्ये ‘सानो’ नावाचा गंभीर अभ्यास झाला आहे; पण तेथेही किमो-रेडिएशन पूर्ण झाले होते आणि वारंवार दुर्बिणीतून तपासणी, बायोप्सी व पेट स्कॅन करून रोग दिसत नाही याची खात्री केल्यानंतरच रुग्णांना देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. खोट्या कागदापेक्षा अर्धवट वाचून दाखवलेला खरा कागद अधिक घातक ठरतो, असे मला आता वाटते, कारण तो कोणाला दाखवला तरी ‘हो, असा अभ्यास झाला आहे’ हेच उत्तर मिळते.

नोंदणीसाठी त्याने 45 हजार रुपये मागितले आणि चुलत भावाने ते भरले. त्यानंतर त्याने समजावले की ट्रायलमध्ये दोन गट असतात, एकाला औषध मिळते आणि दुसऱ्याला नुसते पाणी; अण्णा औषधाच्याच गटात जावेत यासाठी सव्वादोन लाखांची ‘अनामत’ भरावी लागेल. घरातील दागिने गहाण ठेवून तीही भरण्यात आली. रक्कम कोणत्याही संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेली. ज्या अभ्यासात गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे संगणकाकडून ठरतात, तेथे रुग्णाला कोणता गट मिळेल हे मुख्य संशोधकालाही आधी सांगता येत नाही. गट विकत मिळतो असे सांगणारा माणूस त्या एकाच वाक्यात उघडा पडतो.

त्याने आणखी एक मागणी केली आणि तिचे नुकसान पैशांपेक्षा मोठे झाले. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या वडीत जतन केलेला असतो. त्याला रुग्णालयात ‘ब्लॉक’ म्हणतात. अर्ज केल्यावर तो नातेवाइकांना दुसऱ्या ठिकाणी तपासणीसाठी मिळतो. ‘परदेशातील प्रयोगशाळेत पाठवायचा आहे’ असे सांगून त्याने ब्लॉक व त्याचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या दोन्ही नेल्या आणि त्याची पोचही दिली नाही. पुढे खऱ्या डॉक्टरांना इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का हे पाहण्यासाठी त्या ब्लॉकवर पीडी-एल1 (गाठीच्या पेशींवरील एक प्रथिन) ही तपासणी करायची होती, तेव्हा तो उपलब्ध नव्हता आणि अण्णांना अरुंद झालेल्या अन्ननलिकेतून पुन्हा दुर्बीण घालून घ्यावी लागली. ब्लॉक कोणाच्याही हाती देऊ नये. तो स्वतः नोंदणीकृत प्रयोगशाळेत नेऊन क्रमांकासह पावती घ्यावी.

औषध एका लहान खासगी नर्सिंग होममध्ये सलाईनमधून दिले गेले. कुप्या प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत आल्या होत्या. हे औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते, एवढे वेष्टनावरच छापलेले असते; तरी बर्फाची पेटीही नव्हती. बिल नव्हते. दोन कुप्यांवरचा बॅच क्रमांक वेगळ्याच शाईत छापलेला होता, हे नंतर रुग्णालयाच्या औषध विभागातील एका बाईंनी दाखवले. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेने महागड्या कर्करोग औषधांच्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यांत बुरशीवरचे स्वस्त औषध भरून विकणारी टोळी पकडली होती. आमच्या कुप्यांत काय होते ते अद्याप कळलेले नाही. त्यातील एक न उघडलेली कुपी अन्न व औषध प्रशासनाच्या ताब्यात आहे.

उलगडा झाला तो रेडिएशन विभागातील तरुण डॉक्टरीणबाईंमुळे. तारीख चुकवून अण्णा उशिरा आले तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी ट्रायलचा नोंदणी क्रमांक विचारला. भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंदणी जून 2009 पासून सक्तीची आहे आणि ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही यादी कोणालाही विनामूल्य पाहता येते. आमच्या कागदावर क्रमांक होता. तो यादीत सापडलाही. पण तो अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा होता, दुसऱ्याच राज्यातील होता आणि त्याची रुग्णभरती बंद झालेली होती. म्हणून नुसता क्रमांक पाहून थांबू नये. ती नोंद उघडून अभ्यासाचे शीर्षक, कोणत्या रुग्णालयांत तो चालू आहे, मुख्य संशोधक कोण आणि भरती सुरू आहे का हे वाचावे, आणि त्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या (संशोधनातील रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या) कार्यालयात प्रत्यक्ष विचारावे.

पैशांच्या बाबतीत नियम अगदी स्पष्ट आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी होणाऱ्या तपासण्या आणि उपचार यांचा खर्च सहभागी रुग्णाकडून घेता येत नाही. उलट येण्या-जाण्याचा खर्च त्याला देता येतो. 2019 च्या औषध चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, त्याची प्रत रुग्णाला द्यावी लागते आणि त्यात केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क नोंदवलेला असतो. आमच्याकडून सही घेतलेला कागद एकपानी, इंग्रजीतला होता आणि त्यातील एकमेव ठळक ओळ ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही होती.

दरम्यान गाठ वाढून पाणीही उतरेनासे झाले. पोटावरून आतड्यात नळी घालून त्यातून पातळ आहार सुरू करावा लागला आणि त्यानंतरच किमो-रेडिएशन देता आले. शस्त्रक्रिया आता शक्य नाही असे सर्जननी सांगितले. हे केवळ उशिरामुळेच झाले असे कोणत्याही डॉक्टरांनी म्हटलेले नाही, आणि मीही तसे म्हणणार नाही. मात्र पहिल्या स्कॅनमध्ये जी गाठ त्यांना काढता येण्याजोगी वाटली होती, ती दुसऱ्या स्कॅनमध्ये श्वासनलिकेला चिकटलेली दिसली. पुढे त्याच रुग्णालयात एका खऱ्या अभ्यासासाठी केवळ रक्ताचा नमुना मागितला गेला, तेव्हा काकूंनी माहितीपत्रक न वाचताच नकार दिला.

पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंद झाला आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्वरित कळवावे, कारण रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. आमची रक्कम तोवर काढून घेतलेली होती. त्याच धर्मशाळेत उतरलेल्या आणखी एका कुटुंबाकडे तोच नोंदणी क्रमांक छापलेला कागद सापडला असून त्यांचा रुग्ण जठराच्या कर्करोगाचा आहे. तपास अधिकारी अशा तक्रारी एकत्र करीत आहेत. ज्यांच्याकडे असा कागद, पावती किंवा कुपी असेल त्यांनी ती फेकून न देता जवळच्या पोलीस ठाण्यात आणि आपल्या जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांकडे द्यावी. कुपी तोपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावी आणि तिच्यावरचे लेबल पुसू देऊ नये.