ज्या ड्रायरमध्ये गॅसच नाही, त्यात गॅस भरल्याचं बिल

बिलात तीन ओळी होत्या. मेन पीसीबी (म्हणजे मशीन चालवणारा सर्किट बोर्ड) बदलला, सेन्सर बदलला, गॅस चार्जिंग. कपडे वाळवायचा ड्रायर पुन्हा गरम होत होता, पैसे देऊन झाले होते, बिल फाइलीत गेलं. पहिल्या दोन ओळी खोट्या आणि तिसरी तर अशक्यच, हे नंतर कळलं. पण बिलावर न लिहिलेलं एक काम त्या माणसाने करून ठेवलं होतं आणि खरी काळजी त्याची आहे. पैशांपुरतंच असतं तर मी एवढं लिहायला बसले नसते.

तक्रार साधी होती. ड्रम फिरायचा, पंख्याचा आवाज यायचा, पण हवा गारच. कपडे फिरून फिरून ओलेच बाहेर यायचे. इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं की सगळ्यात वर जे क्रमांक येतात, त्यातल्या एकावर फोन केला. समोरच्याने कंपनीचंच नाव घेऊन नमस्कार केला, तक्रार क्रमांकही दिला.

आलेला मुलगा बोलायला अगदी नम्र. बटणं दाबून पाहिली, दार दोनदा उघडलं-लावलं, आत हात घातला. "ताई, बोर्ड गेलाय. हीटरला सप्लायच देत नाही. आणि गॅसही कमी वाटतोय." पिशवीत वीज मोजायचा मल्टीमीटर असेलही, पण तो बाहेर आला नाही. बोर्ड काढून वर्कशॉपला घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी "नवीन" म्हणून आणून बसवला. मग मागचं पॅनेल उघडून, "वेळ लागेल, तुम्ही तुमचं काम करा ताई," म्हणाला. मी आत गेले. परत आले तेव्हा मशीन गरम हवा सोडत होतं. बिघाड डोळ्यांसमोर दुरुस्त झालेला दिसतो, तेव्हा बिलातली प्रत्येक ओळ खरी वाटते. ही सगळी फसवणूक त्याच भरवशावर चालते.

नंतर काही आठवड्यांनी कपड्यांना करपट वास यायला लागला. मशीनच्या मागच्या बाजूला हात टेकवेना. माझा मावसभाऊ कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनेलचं काम करतो, त्याला बोलावलं.

त्याने आधी मशीन उघडलंच नाही. प्लग काढला, दार उघडून कडेला चिकटवलेली प्लेट वाचली आणि मागे जाऊन पाहिलं. मग बिल हातात घेऊन हसायलाच लागला. "ताई, याच्यात गॅस असतो कुठे?"

घरगुती ड्रायर ओळखणं अजिबात अवघड नाही. मागून चार इंचांच्या आसपास जाडीचा पाइप बाहेर गेला असेल आणि पाण्याची टाकी नसेल, तर तो व्हेंटेड. हीटरने हवा तापवायची, ती कपड्यांतून फिरवायची आणि ओली हवा घराबाहेर फेकायची, एवढंच त्याचं काम. जाड पाइप नाही पण पाणी जमा होणारा कप्पा किंवा पाणी जायची बारीक नळी आहे, तर तो कंडेन्सर जातीचा. त्यातही दोन प्रकार आहेत. साध्या कंडेन्सरमध्ये हीटरच असतो. हीट पंपवाल्यात मात्र फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आणि बंद नळ्यांमधला रेफ्रिजरंट, म्हणजे फ्रिजमध्ये असतो तसा गॅस, असतो, आणि त्याचं नाव नि ग्रॅममधलं वजन मशीनवरच छापलेलं असतं. आर-134ए किंवा आर-290 असं काहीतरी. काही देशांत जळणाऱ्या गॅसवर चालणारे ड्रायरही असतात, पण तिथे गॅस पाइपने येतो, कुणी येऊन "भरत" नाही.

आमच्या प्लेटवर काय होतं? मॉडेल, सिरियल, 230 व्होल्ट, हीटर 2000 वॅट. रेफ्रिजरंटचा उल्लेख नाही. मागे जाड पाइप. म्हणजे बिलातली तिसरी ओळ मशीनला हात न लावताच निकालात निघाली.

मग त्याने झाकण उघडलं. "नव्या" बोर्डाच्या प्लगांच्या खाली आणि मागच्या बाजूला कपड्यांची लव दाबून बसली होती, काही आठवड्यांत बसते तशी नव्हे, वर्षानुवर्षांची. बोर्डावरचा उत्पादनाचा छापही मशीनच्या प्लेटवरच्या तारखेशी जुळणारा. बोर्ड फिरायला जाऊन घरी आला होता. सेन्सरच्या स्क्रूवर कारखान्यात लावलेला रंगाचा ठिपका जसाच्या तसा होता. तो स्क्रू कुणी कधी फिरवलाच नव्हता.

आणि मग ते सापडलं. पंख्याच्या आवरणावर बसवलेल्या थर्मल फ्यूजच्या दोन्ही वायरी काढून, एकमेकींना पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली. फ्यूज तिथेच लोंबत होता. इलेक्ट्रिशियन लोकांच्या भाषेत, फ्यूज "डायरेक्ट" केला होता. यानेच हवा गरम झाली होती.

थर्मल फ्यूज हा ड्रायरमधला शेवटचा पहारेकरी. रोजचं तापमान थर्मोस्टॅट किंवा थर्मिस्टर (बिलातला "सेन्सर" तो हाच) सांभाळतो. तो चुकला तर हाय-लिमिट कटआउट हीटरची वीज तोडतो. तेही पुरेसं झालं नाही तर फ्यूज कायमचा उडतो. तो परत जोडला जात नाही, बदलावाच लागतो. काही मॉडेलमध्ये तो उडाला की ड्रमही थांबतो, आमच्यात फक्त हीटर बंद होतो. म्हणून लक्षण असं: ड्रम फिरतोय, हवा गार. हा मशीनमधल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे, आणि त्याच्या जागी बोर्डाचे पैसे घेतले गेले. बरं, तोच बदलून दिला असता तरी मी एक वेळ गप्प बसले असते. लव साठलेल्या, गरम हवेच्या मशीनमधला हा फ्यूज डायरेक्ट करणं म्हणजे सरळ आगीला वाट करून देणं आहे.

भावाने मला मीटर हातात धरायला लावला. प्लग काढलेला होताच. ज्या भागाचं माप घ्यायचं, त्याची निदान एक वायर सोडवायची, नाहीतर दुसऱ्या वाटेने वीज जाऊन आकडा खोटा येतो. फ्यूजच्या दोन टोकांना मीटर लावला. चांगला फ्यूज जवळजवळ शून्य ओहम (विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) दाखवतो आणि मीटर बीप करतो. आमचा गप्प. उडालेला.

हीटरचं माप आधीच काढता येतं, हे मला फार आवडलं. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. 230 गुणिले 230 म्हणजे 52,900, त्याला 2000 ने भागलं की साधारण 26 ओहम. मीटरने त्याच्या अगदी जवळचा आकडा दाखवला. हीटर ठणठणीत. काहीच न दाखवलं असतं तर तार तुटलेली. शिवाय हीटरचं एक टोक आणि मशीनचा पत्रा यांच्यात मीटर बोलता कामा नये, बोलला तर तार कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. तेही तपासलं.

थर्मिस्टरचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण 25 अंशांना 10 किलोओहमच्या आसपास असणारे बरेच असतात. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. आकडा माहीत नसला तरी त्याला मुठीत धरून ऊब द्यायची आणि ओहम हळूहळू उतरतात का ते पाहायचं. आमचे उतरले. म्हणजे "बदललेला" सेन्सर बदलला नव्हता आणि बदलायची गरजही नव्हती.

राहिला प्रश्न फ्यूज उडालाच का. हा प्रश्न त्या मुलाने विचारला नाही, आणि तो न विचारणं हीच त्याच्या कामाची ओळख. दाराजवळची जाळी आम्ही दर वेळी साफ करायचो. पण मशीन भिंतीला सरकवताना मागचा लवचीक पाइप चेपला होता आणि त्याच्या वळ्यांमध्ये लव घट्ट बसली होती. हवा बाहेर जायला वाट नाही, म्हणून उष्णता आत साठली आणि फ्यूजने आपलं काम केलं. पाइप तसाच ठेवून नवा फ्यूज घातला असता तर तोही उडाला असता. आता तिथे कडक धातूचा, आखूड पाइप आहे, फ्यूज आणि कटआउट दोन्ही मॉडेल क्रमांकाप्रमाणे मागवून बदलले.

त्या क्रमांकावर फोन केला तर "वॉरंटी फक्त बोर्डाची आहे मॅडम," असं उत्तर. (पैसे घेईपर्यंत ताई होते.) बोर्ड जुनाच आहे म्हटल्यावर फोन कट, पुढे उचललाच नाही. माहितीपुस्तिकेत छापलेल्या क्रमांकावर कंपनीला विचारलं, तर आमच्या नावाने तक्रार नोंदलेलीच नव्हती. दिलेला तक्रार क्रमांक बनावट. फोटो आणि बिल जोडून लेखी तक्रार केली आहे, पण पैसे आलेले नाहीत आणि येतील असं धरून मी चाललेले नाही.

दुरुस्तीला कुणी आलं की आता मी एकच गोष्ट विचारते: "मीटरवर किती आलं?" भाग गेला म्हणता, तर आकडा बिलावर लिहा. खरा कारागीर यावर चिडत नाही, उलट मीटर माझ्याकडे वळवून दाखवतो. असे लोक आहेत, मला नंतर भेटलेही. काढलेला जुना भाग घरीच ठेवायला सांगते, बोर्ड बाहेर जाणार असेल तर आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढते. काम झाल्यावर झाकण लावण्यापूर्वी एकदा आत नजर टाकते. टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तो कशाचा, हे विचारल्याशिवाय झाकण लागत नाही.

तुमच्याकडे हीट पंपवाला ड्रायर असेल तर "गॅस कमी झालाय" हे वाक्य जास्त पटण्यासारखं वाटेल, म्हणून तेवढं सांगते. त्यातली गॅसची नळी सीलबंद असते, वापराने गॅस संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बंद केल्याशिवाय भरलेला गॅसही जाणारच. गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. आर-290 असेल तर तो ज्वलनशील प्रोपेन आहे, त्याचं काम प्रशिक्षण नसलेल्या माणसाला करूच देऊ नका. आणि पंखा, जाळी, कंडेन्सरच्या पट्ट्यांमधली लव आधी पाहा. हीट पंपमध्येही कपडे ओले राहण्याचं कारण पुष्कळदा तिथेच असतं.