एबेन सायबरसिटीत दोन वर्षं: ऑफिस घ्यायचं असेल तर हे आधी वाचा

आमची पुण्यातली छोटी कंपनी फ्रेंच ग्राहकांचे हिशेब सांभाळते. बिलं तपासायची, नोंदी करायच्या, थकलेल्या पैशांसाठी फोन करायचे. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, तरी फोनवरचा माणूस चिडून भराभर बोलायला लागला की ती शिकलेली भाषा अपुरी पडते. म्हणून जून 2023 मध्ये आम्ही मॉरिशसला, जिथे लोक फ्रेंच सहज बोलतात, एबेनमध्ये बारा खुर्च्यांचं ऑफिस भाड्याने घेतलं आणि ते लावून द्यायला मी गेले.

हिंजवडीची सवय असलेल्या माणसाला इथे पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे कुंपण नाही. आपल्या एसईझेडच्या, म्हणजे करसवलतीच्या विशेष क्षेत्राच्या, इमारतीतून लॅपटॉप बाहेर न्यायचा तर गेटपास लागतो, इथे तसलं काही नाही. रस्त्यावरून सरळ इमारतीत शिरायचं. मॉरिशसची ही जुनी रीत आहे. 1970 मध्ये त्यांनी निर्यात क्षेत्राचा कायदा केला तेव्हा एका जागेला भिंत घातलीच नाही. कारखाना बेटावर कुठेही असो, प्रमाणपत्र मिळालं की सवलत मिळे. त्यातून कापड उद्योग वाढला. पुढे साखर आणि कापड दोन्हींची हक्काची बाजारपेठ जाणार हे दिसल्यावर उसाच्या या पट्ट्यात सायबरसिटी उभी राहिली, तीही भारताच्या कर्जसाहाय्यातून. पहिला सायबर टॉवर मुंबईच्या शापूरजी पालनजींनी बांधला आणि 2005 मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. एवढ्या लांब आल्यावर हे कळलं की बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

आता कामाचं. नेटने आम्हाला कधी अडचण दिली नाही. 2002 पासूनची सेफ नावाची समुद्राखालची केबल एका बाजूला दक्षिण आफ्रिकेला आणि दुसऱ्या बाजूला कोचीला जोडलेली आहे, त्यानंतर आणखीही केबल आल्या. मेट्रो जानेवारी 2023 पासून एबेनवरून रेद्वीपर्यंत जाते. ती बांधली एल अँड टीने. आमची निम्मी मुलं मेट्रोनेच येतात, गाडीने येणाऱ्यांना मात्र पार्किंग शोधत फिरावं लागतं.

खरी कमाई माणसांची आहे. मुलाखतीला आलेली मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलली, मध्येच आईचा फोन आला तर क्रेओल या तिथल्या बोलीत, आणि चाचणीसाठी पॅरिसच्या ग्राहकाला फोन लावून दिला तर अशा फ्रेंचमध्ये की मी ऐकतच राहिले. वसुलीचा विषय होता, तरी समोरचा माणूस शेवटी हसत होता. हे प्रशिक्षणाने येत नाही. आमच्याकडे एक मराठी मुलगाही आहे. त्याचे पूर्वज ऊसमळ्यात राबायला कोकणातून गेलेले. तो शाळेत मराठी शिकलाय, गणपतीत झाकरी नाचतो. ती म्हणजे आपली जाखडी! गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा त्या दिवशीचं काम आधीच उरकून घ्या.

पण बेटाची लोकसंख्या जेमतेम साडेबारा लाख. चांगला माणूस तयार झाला की समोरच्या इमारतीतली कंपनी दोन पैसे जास्त देऊन घेऊन जाते. दोन वर्षांत आमचे चार जण असे गेले. पन्नास-शंभर माणसं पटापट भरायची असतील तर एबेनच्या भरवशावर राहू नका. आणि कराचा दर 15 टक्के आहे एवढ्यावर तर मुळीच येऊ नका. बारा माणसांच्या ऑफिसात कराची बचत विमानाच्या तिकिटांत जाते.

माझी तक्रार जागेच्या मालक कंपनीबद्दल आहे. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि पॅरिसपेक्षा तिकडच्या उन्हाळ्यात दोन, हिवाळ्यात तीन तास पुढे. म्हणजे पॅरिसला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा एबेनला आठ किंवा नऊ. मध्यवर्ती एसी मात्र सहाला बंद! पुढच्या प्रत्येक तासाचं वेगळं बिल, आणि ते कलम फ्रेंच करारात शेवटच्या परिशिष्टात. मी फ्रेंच जाणणारी बाई, तरी घाईत ते पान वाचलं नाही. फेब्रुवारीत, म्हणजे मॉरिशसच्या ऐन उन्हाळ्यात, खिडक्या न उघडणाऱ्या खोलीत मुलं घामाघूम होऊन फोन घेत होती. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

वादळाचीही तयारी हवी. इशारा तिसऱ्या वर्गाचा झाला की ऑफिसं बंद, माणसं घरी. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या, तेव्हा सगळं काम पुण्याने उचललं. नोव्हेंबर ते एप्रिल पुण्यात चार माणसं राखीव ठेवा.

जेवणाची काळजी नको. दुपारी गाडीवाला दालपुरी देतो. पुरणपोळीसारखीच लाटलेली, पण गूळ नाही, आत पिवळ्या डाळीचं कोरडं, भुरभुरीत पुरण. ‘एन पेर’ म्हटलं की दोन पुऱ्यांवर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोची चटणी, हिरवी मिरची घालून कागदात गुंडाळून हातात. दोन मिनिटांत कागद तेलाने पारदर्शक होतो, तेव्हा उभ्यानेच खा.

करार जून 2025 मध्ये संपला. एबेन सोडलं नाही, समोरच्या इमारतीत गेलो. नव्या करारात एसी रात्री साडेनऊपर्यंत, भाड्यातच.