मागच्या चाकाचा हब घरी उघडला, त्याला आठ महिने झाले

आधी सायकलीबद्दल. ८ गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच), क्विक रिलीज (चाक पान्याशिवाय काढता-लावता येईल अशी खिट्टी) आणि मागे शिमानोचा अगदी साधा कप-कोनचा हब. हब म्हणजे चाकाचा मधला भाग; त्यातले छर्रे हबमधली वाटी (कप) आणि एक्सलवरचा, म्हणजे मधल्या दांड्यावरचा, शंकू (कोन) यांच्यामध्ये फिरतात. कोथरूडहून खडकीला कामावर जाणं-येणं, शिवाय रविवारी जमलं तर खडकवासला, डोणज्यापर्यंत. फेब्रुवारीत हब पहिल्यांदा उघडला तेव्हापासून आजवर ३,१०० किलोमीटर झाले. या काळात तो तीनदा उघडला. पैकी पहिली खेप सपशेल चुकली, आणि लिहिण्यासारखं जे आहे ते बरंचसं तिच्याबद्दलच आहे.

उघडायची वेळ का आली? आदल्या वर्षी एका दुकानात 'फुल सर्व्हिसिंग'चे पैसे मोजले होते. सायकल चकाचक होऊन आली, पण मागचं चाक हाताने फिरवलं की घरघर तशीच. हब कुणी उघडलाच नव्हता. मी उघडला तेव्हा आत ग्रीस नव्हतं, डांबर होतं.

पहिला खर्च पान्यांचा. कोनला साधा पाना बसत नाही. कोनला जागी धरून ठेवणाऱ्या चेकनटच्या मागे इतकी कमी जागा असते की पातळ कोन-पानाच लागतो. माझ्या हबला कोनसाठी १५चा आणि चेकनटला १७चा. सुरुवातीला पत्रा कापून केलेला स्वस्तातला पाना घेतला. दुसऱ्याच दिवशी त्याचा जबडा फाकला आणि कोनच्या कडा सोलून निघाल्या. नंतर जाड दांड्याचा घेतला, तो आजही तसाच आहे. इथे पैसे वाचवू नका.

कॅसेटचं सगळे बाऊ करतात, पण फक्त ग्रीस बदलायचं असेल तर ती काढावीच लागते असं नाही. डावीकडचा चेकनट, वॉशर, कोन काढायचे आणि एक्सल उजवीकडून ओढून घ्यायचा. उजव्या बाजूचे छर्रे फ्रीहबच्या (कॅसेट ज्यावर बसते त्या भागाच्या) तोंडाशीच असतात, चिमट्याने निघतात. उजवा कोन आणि त्याचा चेकनट एक्सलवर जिथे आहेत तिथेच राहू द्यायचे. तिकडचं माप हललं की चाक फ्रेममध्ये एका अंगाला सरकतं आणि गिअरही बिघडतात. १३५ मिमीच्या हबचा (दोन चेकनटांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर) एक्सल १४६ मिमी असतो, म्हणजे दोन्ही टोकांना साडेपाच-साडेपाच मिमी बाहेर. मी काढण्याआधी फूटपट्टी लावून फोटो काढला होता, तो पुढे फार कामाला आला.

छर्रे पाव इंची, एका बाजूला नऊ. मी खाली स्वयंपाकघरातली परात धरली होती. आईने पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "त्या परातीत आता कणीक मळायची नाही, सांगून ठेवते." मुलीने छर्रे मोजले, सतरा भरले. अठरावा वॉशिंग मशीनखाली गेला होता, तो चुंबकाला दोरी बांधून काढला. तोही त्या दिवशी परत बसवला. छर्रे बदलायचे तर सगळे एकदम, जुने-नवे मिसळायचे नाहीत. आणि पुडी इतकी स्वस्त असते की जुने पुन्हा बसवण्यात काही अर्थच नाही.

धुवायला रॉकेल हवं, पण आमच्या भागात ते केव्हाच मिळेनासं झालं. डिझेलने काम होतं, वास मात्र दोन दिवस गॅलरीत राहतो. ग्रीसबद्दल लोक फार वाद घालतात. मी कोपऱ्यावरच्या ऑटोपार्ट्सवाल्याकडून साधं लिथियम ग्रीस आणलं. दोन्ही कप त्याने भरून छर्रे त्यातच रोवले. आठ महिन्यांत ग्रीसबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती माझ्या हाताची. कोन हाताने बसवून चेकनट आवळला, एक्सल बोटांनी फिरवून पाहिला. फिरत होता, पण इकडेतिकडे जरासुद्धा हलत नव्हता, छान वाटलं. चाक फ्रेममध्ये घालून क्विक रिलीज दाबलं आणि निघालो. एप्रिलमध्ये, सातशेएक किलोमीटर झाल्यावर, घरघर परत आली, आता तर पेडल मारतानाही पायाला जाणवायला लागली. उघडलं तर उजव्या कोनवर गोल चरा आणि त्यात बारीक खड्डे. गल्लीतले सायकलवाले काका, जे ओव्हरहॉलिंगला आजही 'ओव्हराईल' म्हणतात, त्यांनी कोन नखाने चाचपला आणि म्हणाले, "खाल्लाय. आवळलात किती?"

चूक साधी होती. क्विक रिलीज दाबलं की पोकळ एक्सल किंचित दबतो आणि कोन आतल्या बाजूला येतात. टेबलावर अगदी बरोबर बसवलेला हब फ्रेममध्ये गेल्यावर टाईट होतो. म्हणून टेबलावर तो थोडा लूज ठेवायचा, रिलीज दाबल्यावर तो लूजपणा निघून जातो. किती लूज? १० मिमीच्या एक्सलच्या आट्यांत कोनचा एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी. मी दुसऱ्या खेपेला जो शेवटचा बदल केला तो फेऱ्याच्या विसाव्या भागाएवढाही नसेल. आणि चेकनट आवळताना कोनही सोबत थोडा फिरतो, हे वेगळंच.

यावर उपाय काकांनी दाखवला. चाक फ्रेमच्या बाहेरून लावायचं. म्हणजे एक्सलचं फक्त उजवं टोक डाव्या बाजूच्या खाचेत आणि चाक फ्रेमच्या बाहेर. डाव्या टोकावर, एक्सल आरपार जाईल असा जाड नट घालून क्विक रिलीज नेहमीसारखं दाबायचं. हब आता प्रत्यक्ष वापरातल्याइतकाच दाबलेला असतो. रिम धरून हलवायची: टकटक जाणवली तर लूज, फिरवताना अडखळली तर टाईट. रिलीज सोडायचं, कोन केसभर फिरवायचा, पुन्हा दाबायचं. मला अकरा वेळा करावं लागलं. काका शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते, एकदाही हात लावला नाही. अकराव्यांदा म्हणाले, "आता सोडा."

नवा कोन आणताना जुना सोबत न्या. आट्या जुळल्या तरी कोनचा उतार आणि धूळ अडवणाऱ्या टोपीचा आकार वेगळा असू शकतो. मी पेठेत तीन दुकानं फिरलो. कपला काही झालं नव्हतं हे नशीब, कारण तो असा सहज बदलता येत नाही, डावा गेला म्हणजे हबच बदलायचा आणि उजवा गेला म्हणजे फ्रीहब.

मग पाऊस. जून ते सप्टेंबर रोज चिखलातून. सायकल धुताना हबवर पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही एवढं पाळलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुद्दाम उघडला. डावीकडचं ग्रीस थोडं करडं, बाकी ठीक. उजवीकडे रबरी सीलच्या कडेला तांबूस गंजाची रेघ, पण ती आत शिरली नव्हती. कोन चकचकीत, मध्यभागी छर्र्यांची फिरण्याची एक सरळ पट्टी. तरी छर्रे बदललेच. दीड तासात चाक परत फ्रेममध्ये, यावेळी चारच प्रयत्नांत जमलं.

बऱ्याच जणांना कप-कोन म्हणजे जुनाट वाटतो. शिमानो महागड्या ड्यूरा-एस हबांतही वर्षानुवर्षं हाच प्रकार वापरत आली. पण ज्याला वर्षातून एकदाही हात काळे करायचे नाहीत, त्याने सीलबंद बेअरिंगचाच हब घ्यावा. माझ्या मेव्हण्याला मी तेच सांगितलं.

एक गोष्ट अजून राहिलीय. एप्रिलमध्ये उत्साहात फ्रीहबही साफ केला. त्यासाठी मात्र कॅसेट काढावी लागली. परत लावताना ती धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगवर ४० न्यूटन-मीटर लिहिलेलं पाहिलं, म्हणून फूटभर दांड्यावर साधारण तेरा किलोंचा जोर दिला. फ्रीहबमध्ये तेल पातळच घालायचं, ग्रीस कोंबलं तर आतली कुत्री (एकाच दिशेने पकड घेणारे दाते) चिकटतात आणि पेडल रिकामंच फिरतं. एवढं करूनही फ्रीहबला किंचित हेलकावा राहिलाय. चाक घट्ट असताना फक्त कॅसेट हलते, म्हणजे दोष कोनचा नाही. फ्रीहब काढायला आतला १०चा ॲलन बोल्ट सोडावा लागतो. दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा किल्लीला शेजाऱ्यांच्या नळाचा पाइप जोडून. पाइप वाकला, बोल्ट जागचा हलला नाही.